तालमीला जातो

कोल्हापुरात ‘तालमीला जातो’ असं सांगितलं की समोरचा आधी तुमच्या दंडाकडं बघतो. इथं तालीम म्हणजे तांबडी माती, भिंतीवर मारुती, झालंच तर पेठेचं मंडळ, फुटबॉलची टीम आणि गणपती. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. १९९८ साली मी आमच्या साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणालो, “साहेब, दोन महिने संध्याकाळची पाळी बदलून मिळाली तर बरं होईल. तालमीला जायचं असतं.” माझं वजन तेव्हा बावन्न किलो. साहेबांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी काळजीनं विचारलं, “खुराक काय घेतोस?”

नाटकाची तालीम, असं सांगितल्यावर त्यांची काळजी आणखी वाढली.

मी वीज खात्यात ऑपरेटर. कागदोपत्री यंत्रचालक. आमचं उपकेंद्र शहराच्या कडेला, तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. तेहतीस हजार व्होल्टनं वीज येते, दोन ट्रान्सफॉर्मर तिला अकरा हजारांवर आणतात आणि सहा फीडरवरून ती गावठाणात, शेतीपंपांना आणि एका लहान औद्योगिक वसाहतीला जाते. पाळ्या तीन : सकाळी ८ ते ४, ४ ते रात्री १२, १२ ते ८. पाळीत माणूस एकच. दर तासाला प्रत्येक फीडरचे अँपिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लॉगशीटवर लिहायचं. सिलिका जेल निळंच आहे ना, की ओल धरून गुलाबी पडायला लागलंय, ते बघायचं. बाकी वेळ खुर्ची, पंखा आणि ट्रान्सफॉर्मरची घूं. ती घूं पहिल्या महिन्यात झोप उडवते आणि नंतर ती थांबली तर झोप उडते.

खरं काम परमिटचं. लाइनमन खांबावर चढण्याआधी माझ्याकडं परमिट मागतो. मी ब्रेकर पाडतो, लाइन अर्थ करतो, पाटी लावतो, मग वेळ घालून कागद लिहून देतो. तो माणूस खाली उतरून स्वतः परमिट परत करेपर्यंत तो फीडर कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. गावातून शिव्यांचे फोन येतात, सरपंचाचा येतो, कधी आमदाराच्या माणसाचा येतो. फीडर बंद म्हणजे बंद. गेल्या पंचवीस वर्षांत माझ्याकडून परमिटची चूक झाली नाही. यात फुशारकी नाही. झाली असती तर कुणीतरी गेलं असतं, एवढंच. आमच्या धंद्यात ‘परत एकदा करून बघू’ नसतं.

नाटकात मी आलो तो मागच्या दारानं. एका हौशी संस्थेला प्रकाशयोजनेसाठी वायरिंग समजणारा माणूस हवा होता. आमच्या गल्लीतला एक जण त्या संस्थेत. तो म्हणाला, “स्विच खाली-वर करायचे, चहा फुकट.” गेलो. तिथं सत्तरी उलटलेले एक प्रकाशवाले होते. सगळे त्यांना काका म्हणत. आमच्याकडं तोवर बऱ्यापैकी डिमर आले होते, पण काकांची उमेद मिठाच्या पाण्याच्या डिमरवर गेलेली. मातीचा पाइप उभा करायचा, बूड बंद, आत मिठाचं पाणी, तळाला धातूची एक पट्टी आणि वरून दोरीनं सोडलेली दुसरी. दोन्ही पट्ट्यांमधून करंट. वरची पट्टी लांब असेल तर मधल्या पाण्याचा अडथळा जास्त, दिवा मंद. दोरी सैल सोडत पट्टी खाली न्यावी तसतसा दिवा उजळत जातो. पहाट करायची असेल तर काका म्हणे श्वास धरून दोरी सोडायचे. पाणी तापून वाफ यायची, ती विंगेतल्या लोकांना दिसायची, प्रेक्षकांना फक्त पहाट. मी वीज खात्याचा माणूस. उघड्या पाण्यातून करंट हे ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. पण त्या रात्री घरी जाताना डोक्यात एकच होतं : माणसानं पहाट करण्यासाठी एवढं केलं!

हळूहळू मी तालमीला रोज बसायला लागलो, गरज नसताना. प्रकाशाच्या जागा लिहून घ्यायच्या हे निमित्त. मग एका संध्याकाळी एक नट आला नाही. दिग्दर्शक म्हणाले, “तू नुसतं वाच त्याच्या जागी.” मी लॉगशीट वाचावी तसं वाचलं. दुसऱ्या पानावर एका वाक्यात चुकून भलत्याच शब्दावर जोर पडला आणि सगळे हसले. मी गप्प झालो. कान तापले. दिग्दर्शकांनी हात वर केला : “थांब, थांब. चुकलास. पण झकास चुकलास. परत एकदा तसाच चूक.”

हे वाक्य मला नोकरीत कुणी कधी म्हणालं नव्हतं, शाळेत तर नाहीच. मी परत चुकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अकरा वेळा केलं. बाराव्यांदा वेगळंच काहीतरी झालं आणि ते पहिल्याहून बरं होतं. रात्री साडेदहाला सायकलवरून घरी येताना मला कळेना, की आठ तास ड्युटी करून, तीन तास उभं राहून मी ताजा कसा. नंतर पुष्कळ विचार केला त्याचा. मोठ्या माणसाला चुकायला जागाच नसते. ड्युटीवर चुकलो तर मेमो किंवा मयत. घरी चुकलो तर बापपण कमी होतं. चौकात चुकलो तर लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात. पालिकेच्या शाळेतल्या त्या एका वर्गात, पोरांचे बाक भिंतीला लावून मोकळ्या केलेल्या फरशीवर, रोज तीन तास चुकायची परवानगी होती, आणि समोर सात-आठ माणसं ती चूक नीट बघायला बसलेली असायची.

ती माणसं म्हणजे तरी कोण? उद्यमनगरातला एक टर्नर, दिवसभर लेथवर उभा. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानावर हिशेब लिहिणारा दिवाणजी. त्याच्या शर्टाला हंगामात गुळाचा वास यायचा. जिल्हा परिषदेचे एक गुरुजी. बँकेतला कॅशियर. आणि एक सिस्टर, ती इस्पितळातली ड्युटी संपवून सव्वाआठला यायची, म्हणून साडेसातची तालीम सव्वाआठलाच सुरू व्हायची. तोवर दिग्दर्शक आम्हांला विषामृत खेळायला लावायचे. विनोद नव्हे, खरंच. पन्नाशीचा दिवाणजी ‘विष’ लागून पुतळा झालाय आणि गुरुजी ‘अमृत’ द्यायला धावतायत. शाळेचा शिपाई खिडकीतून बघायचा आणि जायचा. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात मी त्या खेळासाठी वेळेवर यायला लागलो.

आता वेळेची गोष्ट. ‘वेळ काढावा लागतो’ असं लोक म्हणतात. वेळ काय विहिरीतलं पाणी आहे, पोहरा सोडला की निघतो? माझ्याकडं संध्याकाळ होती ती तीन आठवड्यांतले दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ४ ते १२. ती संध्याकाळ मिळवायची तर दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावी लागे. माझा जोडीदार ऑपरेटर माझी संध्याकाळ करायचा, बदल्यात मी त्याची रात्र. एका तालमीला एक रात्र, हा आमचा भाव ठरलेला. दिवाळीत त्याला गावी जायचं असे. सलग पाच वर्षं लक्ष्मीपूजनाला मी उपकेंद्रात. त्या दिवशी लोड असा चढतो, की खुर्चीवर टेकायला मिळत नाही. तेव्हा जोडीदार फराळाचा डबा ठेवून जायचा. हिशेब चोख होता, दोघांचाही.

दुसरा हिशेब मी केलाच नव्हता. तो बायकोनं केला. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दूध, गॅस, आणि माझ्या पाळ्या : स, दु, रा. तालमीच्या दिवशी ती चौकोनाच्या कोपऱ्यात एक बारीक फुली मारायची. मला वाटायचं, जेवणाच्या वेळेसाठी असेल. एका जानेवारीत जुनं कॅलेंडर उतरवताना तिनं ते टेबलावर पसरलं आणि पेनच्या टोकानं फुल्या मोजल्या. चौसष्ट.

“अहो, ह्या चौसष्ट संध्याकाळी कुणाच्या होत्या?” तिनं विचारलं.

“माझ्या,” मी म्हणालो.

“तुम्ही त्या जोडीदाराला रात्री देऊन घेतल्या. मला काय दिलंत?”

आवाज चढलेला नव्हता. मुलगी तेव्हा चार वर्षांची, सासूबाई म्हणजे माझी आई अंथरुणाला अधूनमधून खिळलेली, आणि ही एकटी संध्याकाळी दिवा लावून, वरण-भात करून, एकीला भरवून, दुसरीला औषध देऊन, माझं ताट झाकून ठेवत होती. मी तिकडं चुकायला शिकत होतो, ते हिच्या न चुकण्यावर. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. खरं तर नव्हतंच. पुढच्या वर्षीपासून सकाळचं सगळं माझ्याकडं आलं : पाणी भरणं, मुलीची वेणी, डबा, आईची आंघोळ. वेणी मला शेवटपर्यंत जमली नाही. पोरगी शाळेत जाऊन बाईंकडून परत घालून घ्यायची. फिटंफाट झाली असं मी म्हणत नाही. फुल्या चौसष्टच पडत राहिल्या.

पाठांतर मात्र सगळं रात्रपाळीत झालं. उपकेंद्रात बारानंतर कुणी येत नाही. संहिता लॉगशीटखाली, तासाला रीडिंग, मध्ये पाठांतर. यार्डात खडीवरून फेऱ्या मारत मी संवाद म्हणायचो. ट्रान्सफॉर्मरपुढं उभं राहून एका मुनिमाची विनवणी म्हणत होतो, तेव्हा एक फीडर ट्रिप झाला. आत पळालो, रिले बघितला, अर्थ फॉल्ट. ठरल्याप्रमाणं एकदा चार्ज करून पाहिला, टिकला नाही, लाइनमनला फोन केला. तो आल्यावर म्हणाला, “मामा, तुमच्याकडं कोण आलंय? रस्त्यावरनं रडल्यासारखं ऐकू येत होतं.” मी म्हटलं, कुणी नाही. तो बराच वेळ माझ्याकडं आणि मग उसाकडं बघत राहिला. नंतर कितीतरी दिवस त्या भागातले हेल्पर रात्री आमच्या यार्डात एकटे यायला तयार नसत.

फक्त एकदा दोन्ही जगं एकमेकांत सांडली. पहाटे तीनच्या रीडिंगला, लॉगशीटच्या शेवटच्या रकान्यात, जिथं ‘सर्व ठीक’ लिहायचं, तिथं मी लिहिलं : ‘पॉज.’ संहितेत त्या जागी दिग्दर्शकांनी सांगितलेला थांबा होता. सकाळी साहेबांनी चष्मा सरकवून विचारलं, “कुठला फीडर पॉज झाला होता?” आकडे सगळे बरोबर होते म्हणून निभावलं. पण मी हादरलो. त्यानंतर संहिता लॉगशीटखाली ठेवली नाही. डब्याच्या पिशवीत ठेवली, आणि परमिट चालू असेल तर पिशवीला हात लावला नाही. इकडं खेळायचं असेल तर तिकडं अजिबात खेळायचं नाही, असा माझा मीच नियम केला.

आमची नाटकं मुख्यतः राज्य नाट्य स्पर्धेसाठी. ही स्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे. दिवाळीच्या पुढं-मागं जिल्ह्याजिल्ह्यांत प्राथमिक फेरी सुरू होते. रोज संध्याकाळी एक संस्था, एक नाटक. बाहेरच्या माणसाला यातलं गणित सांगितलं तर तो कपाळाला हात लावतो. अडीच महिने तालीम. साठ-पासष्ट संध्याकाळी, दहा-बारा माणसं. आणि प्रयोग? एक. अंतिम फेरीत गेलात तर दोन. नाही गेलात तर त्याच रात्री फ्लॅट आणि लेव्हल्स टेंपोत चढतात, मागून आणलेला सोफा मालकाकडं जातो, आणि ते नाटक संपलं. पुन्हा कधीच होत नाही. पंचवीस वर्षांत मी चौदा नाटकांत होतो. रंगमंचावर घालवलेले सगळे तास जोडले तर तीन-चार पाळ्या भरतील. उपकेंद्रात एका आठवड्यात मी त्याहून जास्त बसतो.

“मग काय मिळतंय रं त्यात?” हे मला लाइनमनपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं. पैसे नाहीत. निर्मितीखर्चाला सरकारकडून थोडं अनुदान येतं, वर पडतात ते आम्ही वर्गणीतून काढतो. नाव नाही. एकदा मला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, ते आईनं देवघराच्या भिंतीवर लावलं, पुढं उदबत्तीच्या धुरानं त्यावरचं माझं नाव पुसट झालं. मी उत्तर द्यायचो, “काही नाही मिळत.” ते खरंच आहे, पण ते सांगताना मला कधी वाईट वाटलं नाही, याचंच लोकांना नवल वाटायचं.

मराठीत एक गंमत आहे. नाटकाच्या प्रयोगाला आपण ‘खेळ’ म्हणतो, आणि त्यात भूमिका करणाऱ्याला ‘नाटकात काम करतो’ म्हणतो. म्हणजे बघणाऱ्यांसाठी तो खेळ, करणाऱ्यासाठी काम. माझी मुलगी लहानपणी शाळेत सांगायची, “बाबा सकाळी लाइटमध्ये काम करतात आणि संध्याकाळी नाटकात काम करतात.” बाईंनी बायकोला विचारलं, “दोन-दोन नोकऱ्या? ओढाताण होत असेल.”

ज्यांनी नोकरी सोडली त्यांच्या गोष्टी आपण आवडीनं सांगतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली डॉक्टरी सोडून पूर्णवेळ नाटकात आले. केवढी हिंमत! पण ते लागू. आमच्यासारख्यांनी लागूंचं उदाहरण घेऊन नोकरी सोडली असती तर नाटकाचं भलं झालं नसतं आणि घराचं वाटोळं नक्की झालं असतं. मला जवळचे वाटतात ते न सोडलेले. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसवणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. त्यात नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. सतीश आळेकर मेडिकल कॉलेजात जीवरसायनाच्या विभागात नोकरी करता करता ‘महानिर्वाण’सारखी नाटकं लिहीत होते. ती माणसं मोठी, त्यांची आणि आमची बरोबरी नाही. पण दवाखाना बंद करून तालमीला पळणारा डॉक्टर डोळ्यांसमोर आला, की आपल्या पळण्याला सोबत मिळाल्यासारखी वाटते.

खेळाचं काम करून टाकायचा प्रयत्नही झाला. एका नव्या साहेबांना कळलं, की आपल्याकडं नट आहे. जानेवारीतल्या सुरक्षा सप्ताहासाठी त्यांनी मला पथनाट्य बसवायला सांगितलं, तेही ड्युटीच्या वेळेत. चार लाइनमन, एक हेल्पर. विषय : परमिट न घेता खांबावर चढू नका. मी खूश. संध्याकाळ न देता नाटक! पण बसेना. ती मंडळी उत्तम होती, एका लाइनमनला तर अशी नक्कल यायची की दिग्दर्शकांनी बघितला असता तर पळवून नेला असता. तरी पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना शेवट ठाऊक : एक मरणार आणि बाकीचे हात जोडून घोषणा देणार. चुकायला जागाच नव्हती, कुणी काही वेगळं केलं, की साहेब म्हणत, “यातून संदेश काय जातो?” पथनाट्य झालं, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. उपयोगही झाला असेल, त्याबद्दल मला तक्रार नाही. खात्यानं पगारी वेळ दिला, चहा-नाश्ता दिला, आणि त्या पाच दिवसांत मी जितका दमलो तितका कधी चौसष्ट फुल्यांत दमलो नव्हतो.

मग २०११ ते २०१६ नाटक बंद. एकाएकी नव्हे. आईचं दुखणं वाढलं, ती गेली, मुलीची दहावी आली, बारावी आली. मी दिग्दर्शकांना सांगितलं, यंदा नको. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, मी पुन्हा यंदा नको म्हणालो. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. आईपाशी बसलो, त्या संध्याकाळी सत्कारणी लागल्या. पण तिच्या मागं चार वर्षं उरली, त्यातल्या संध्याकाळींचं मी काय केलं? खरंच आठवत नाही. टीव्हीपुढं बसलो. मोबाइल आला, त्यावर बोट फिरवलं. बायको एकदा म्हणाली, “घरी असता, पण असता कुठं?” फुल्या मारायच्या थांबल्या होत्या आणि त्या चौकोनांत दुसरंही काही लिहिलं गेलं नव्हतं. दूध आणि गॅस.

परत गेलो तो दिवाणजींमुळं. ते मार्केट यार्डाजवळ भेटले, केस पांढरे झालेले, शर्टाला तोच वास. हाक नाही, नमस्कार नाही, रस्त्याच्या मधोमध त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, “विष.” मी पुतळा झालो. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि सत्तेचाळीस वर्षांचा मी एक पाय उचललेला, हातात भाजीची पिशवी. त्यांनी ‘अमृत’ दिलं नाही. नुसतं म्हणाले, “सोमवारी साडेसात.”

केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं. शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान, तेही त्यांचंच. दोन्ही अर्थांच्या तालमींचा कस शेजारी शेजारी लागायचा. मी पहिली पहाट केली ती तिथं, डिमरवर. पहिलं वाक्यही तिथंच विसरलो.

८ ऑगस्ट २०२४ला, गुरुवारी, माझी पाळी ४ ते १२ होती. रात्री टर्नरचा फोन आला. “केशवराव पेटलंय.” मला वाटलं, कुणाचं तरी नाटक जोरात झालं. कोल्हापुरात ‘पेटलंय’ याचा असाही अर्थ होतो. त्याच्या आवाजावरून कळलं. मग फोनवर व्हिडिओ यायला लागले. मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. बाराला रिलीव्हर येईपर्यंत उपकेंद्र सोडता येत नाही. दहाचं रीडिंग घेतलं. अकराचं घेतलं. तेलाचं तापमान, व्होल्टेज, सहा फीडर. शेऱ्यात ‘सर्व ठीक’ लिहिलं, कारण उपकेंद्रात सर्व ठीकच होतं. बाराला स्कूटर काढली.

तिथं गर्दी होती, पाणी आणि काळा चिखल. धूर अजून निघत होता. दगडी भिंती उभ्या होत्या आणि आतलं लाकूड गेलं होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माणसं रडत होती, ज्यांना मी फक्त रंगमंचावर रडताना पाहिलं होतं ती खरी रडताना वेगळी दिसत होती, कमी चांगली. सिस्टर ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांतच आलेली. दिग्दर्शक कठड्यावर बसून होते. कुणी काही बोललं नाही. दोन वाजता घरी आलो. बायको जागी होती. तिनं पाणी तापवून ठेवलं होतं, धुराचा वास जाईल म्हणून.

त्या वर्षीच्या नाटकाचं वाचन नुकतंच सुरू झालं होतं. दिग्दर्शकांनी आठवडाभर तालीम थांबवली. शुक्रवारी नागपंचमी झाली, तवा न ठेवण्याचा दिवस, दिंडं खाल्ली. पुढच्या आठवड्यात माझी सकाळपाळी आली. साडेचारला घरी, आणि पुढं अख्खी संध्याकाळ मोकळी. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेलो तर बायको साडीचा पदर खोचून, केसांना घट्ट आंबाडा घालून निघायच्या बेतात.

“कुठं?”

“तालमीला.”

मी तिच्या दंडाकडं बघितलं. खरंच बघितलं.

गल्लीतल्या बायकांनी झिम्मा-फुगडीच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. अठरा जणी, चाळिशीपासून पासष्टपर्यंत. पंधरा दिवस झाले, रोज संध्याकाळी एकीच्या गच्चीवर सराव चालला होता आणि मला पत्ता नव्हता. माझ्या दुसऱ्या पाळीत आणि तालमीत ते झाकून गेलं होतं. मी कॅलेंडरकडं पाहिलं. ऑगस्टच्या चौकोनांत फुल्या होत्याच, पण त्यातल्या काही माझ्या नव्हत्या, निळ्या शाईच्या होत्या.

“पीठ डब्यात आहे,” ती म्हणाली. “उकळतं पाणी घ्या. भाजी झालीय. भाकरी तेवढ्या.”

शाळूच्या पिठाची भाकरी मी जन्मात थापली नव्हती. पहिली परातीला चिकटली. दुसरी उचलताना मधोमध फाटली, तव्यावर दोन देश झाले. तिसरीला कडेनं चिरा गेल्या, पण तव्यावर एका बाजूला, लिंबाएवढी का होईना, फुगली. पलीकडच्या गच्चीवरून पायांचा ठेका येत होता, मध्येच मोडायचा, हशा पिकायचा, पुन्हा पहिल्यापासून.

ती साडेआठला आली, घामेजलेली, एक गुडघा धरून. एका हातानं पाणी प्यायली आणि दुसऱ्यानं ताटावरची झाकणी उचलली.

“एकच?”

“पहिल्या दोन मी खाल्ल्या.”

तिनं तिसरी उलटी करून बघितली, फुगलेल्या जागेवर बोट दाबलं, पापुद्रा सुटला. बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली बसून जेवायला लागली.

“उद्या पण आहे आमची,” ती म्हणाली आणि डाव्या हातानं पेन कुठं ठेवलंय ते चाचपायला लागली.